ब्रिजटावरच्या कविता: कामाच्या नोंदी

11 जानेवारी 2024

मालिकेचं काम आजपासून रीतसर सुरू. विषय जॉर्ज ऑगस्टस पॉलग्रीन ब्रिजटावर, व्हायोलिनवादक. वडील वेस्ट इंडीजकडचे कृष्णवर्णीय, आई जर्मन, जन्म पोलंडमधल्या ब्यावा गावचा, बहुतेक कारकीर्द इंग्लंडात, मृत्यू लंडनच्या पेकम भागात. संगीतकार बीथोव्हेनने आपला ऑपस 47 (म्हणजे रचना क्रमांक 47) हा सोनाटा, व्हायोलिन आणि पियानोसाठीची तीन भागांची रचना, ह्याच्यासाठी पुरा केला, ह्याच्या जोडीने पहिल्यांदा वाजवला आणि छापताना अर्पण केला रोडोल्फ क्रॉइत्सर ह्या फ्रेंच वादकाला. आज सगळं जग त्याला 'क्रॉइत्सर सोनाटा' म्हणतं. टॉल्स्टॉयची कथाही त्याच नावाने निघाली.

एवढं सांगितलं की ऐकणारा हळहळतो, "अरेरे" म्हणतो आणि विषय संपतो. मला भीती ह्याचीच आहे. ती मैफल झाली 24 मे 1803 ला. ब्रिजटावर गेला 29 फेब्रुवारी 1860 ला. मधली जवळजवळ सत्तावन्न वर्षं माणूस जगला, काम करत राहिला. त्या वर्षांचं काय?

म्हणून एक नियम आधीच लिहून ठेवते. अर्पणपत्रिकेची हकिगत एका कवितेत उरकायची. बाकीच्या कवितांत हा माणूस वाजवेल, शिकेल, प्रवास करेल, परीक्षा देईल.

16 जानेवारी

सुरुवात बाप्तिस्म्याच्या नोंदीपासून. 11 ऑक्टोबर 1778, ब्यावा. तिथे नाव पडलं हिएरोनिमस हिप्पोलिटस दे ऑगस्टस. रादझिवीउ घराण्याच्या वाड्यात बाप नोकरीला, आणि त्या घरात हिएरोनिम हे नाव चालत आलेलं. म्हणजे पोराचं पहिलं नावही मालकाच्या घरून उसनं आलं. पुढे बाप हंगेरीत एस्तरहाझी सरदाराकडे गेला. तिथे संगीताचा कारभार हायडन ह्या थोर संगीतकाराकडे. पोरगं त्या वाड्याच्या आसपास वाढलं आणि पुढे 'हायडनचा शिष्य' म्हणून त्याची जाहिरात झाली.

बापाचं काय करायचं, हा ह्या मालिकेतला सगळ्यात अवघड प्रश्न. हुशार माणूस, अनेक भाषा येणारा, दिसायला रुबाबदार, स्वतःला आफ्रिकेतला राजपुत्र म्हणवणारा. पोराला घेऊन तो युरोपभर फिरला, मैफली ठरवल्या, पैसे घेतले, उडवलेही. त्याला खलनायक केलं तर कविता सोपी होते. पण गुलामांचा व्यापार भरात असलेल्या युरोपात काळ्या माणसाला दरबारात शिरायला दोन दरवाजे: नोकराचा आणि राजपुत्राचा. नोकराच्या दाराने तो आधी आत जाऊन आलेला होता. दुसरं दार त्याने स्वतः बांधलं. मला तो माणूस आवडायला लागला आहे, आणि पोराच्या बाजूने विचार केला की रागही येतो. दोन्ही ठेवायचं.

27 जानेवारी

'दवंडी' ही कविता आज एका बैठकीत उतरली. 1789 आणि 1790 च्या प्रसिद्धीसाठी कुठला घाट घ्यावा, ह्यावर बराच खल चालला होता. एक जण म्हणाला, पोवाडा लिही. पोवाड्यात शाहीर नायकाच्या बाजूने उभा असतो. इथे बोलणाऱ्याला गिऱ्हाईक हवं आहे. मग दवंडीच बरी.

> ऐका हो ऐका, बाथकर हो, लंडनकर हो,
> आफ्रिकेचा राजपुत्र आला हो!
> हायडनच्या वाड्यावर शिकला हो!
> वय विचारू नका, तिकीट विचारा.
> बाप उभा आहे दारात, तुर्की झग्यात,
> तोच राजा,
> तोच गल्ल्यावर.

शेवटच्या दोन ओळींवर हात फिरवायचा नाही. पहिल्या तीन 'हो'वाल्या ओळी मोठ्याने वाचताना जमतात, कागदावर जरा भडक दिसतात. दवंडी भडक नसेल तर तिला कोण ऐकेल?

बाथमधल्या डिसेंबर 1789 च्या मैफलीला साडेपाचशेहून जास्त माणसं लोटल्याचं तिथल्या वर्तमानपत्राने छापलं होतं. हा आकडा कवितेत घालून पाहिला. बसला नाही. आकड्यापेक्षा 'गल्ला' पुरतो.

पॅरिसचं पदार्पण एप्रिल 1789 चं, कॉन्सर्ट स्पिरिच्युएल ह्या नावाजलेल्या मैफलमालिकेत. बास्तीय किल्ला पडायला तीन महिने बाकी. तिथल्या एका नियतकालिकाने लिहिलं, की ह्या रंगाच्या लोकांना कलेत काही गती नसते असं सांगणाऱ्या तत्त्वज्ञांना हा मुलगा म्हणजे उत्तम उत्तर आहे. कौतुकच आहे ते. पण दहा वर्षांच्या पोराने वाजवायचं, आणि ते ऐकून मोठ्यांनी वाद जिंकायचा! ह्यावर वेगळी कविता हवी. सध्या फक्त नाव सुचलं आहे: 'पुरावा'.

3 फेब्रुवारी

'पुरावा' झाली. छोटी. मुलगा व्हायोलिन खोक्यात ठेवतो, मोठी माणसं बोलत राहतात. तो झोपतो, ती बोलतच असतात. बस्स.

1791 चं एक चित्र डोक्यातून जात नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमधला, संगीतकार हँडलच्या नावाचा महोत्सव. ऑर्गनपाशी जोआ बेट्स बसले आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना लाल कोट घातलेली दोन पोरं ऑर्गनच्या खुंट्या ओढायला बसवली आहेत. एक योहान नेपोमुक हुम्मेल, दुसरा ब्रिजटावर. दोघंही त्या काळचे नावाजलेले बालकलाकार, आणि त्या दिवशी दोघांकडे हमाली! आदल्या वर्षी, 2 जूनला, ब्रिजटावर आणि व्हिएन्नाचा फ्रांत्स क्लेमेंट ह्या दोघा पोरांची लंडनमध्ये एकत्र मैफल झाली होती. पुढे 1806 मध्ये बीथोव्हेनचा व्हायोलिन कन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला तो ह्याच क्लेमेंटने. म्हणजे बीथोव्हेनच्या व्हायोलिन संगीतातल्या दोन थोर कृती ज्यांच्या हातून पहिल्यांदा वाजल्या, ते लहानपणी एका मंचावर शेजारी उभे होते. ह्याची कविता करायचा मोह आवरते. योगायोग ऐकायला छान असतो, कवितेला त्यातून काही मिळत नाही.

बापाचा निकालही 1791 मध्येच लागला. मुलगा वेल्सच्या राजपुत्राच्या आश्रयाला गेला आणि बापाला इंग्लंड सोडायला लावलं. राजपुत्राने शिक्षक नेमले, पुढे आपल्या खाजगी वाद्यवृंदात घेतलं. पुन्हा एक राजपुत्र. ह्या वेळी खरा.

12 फेब्रुवारी

व्हायोलिनवाल्या सरांकडे पहिली बैठक. सर मूळचे मडगावकडचे, पॅरिशच्या शाळेत स्वरलिपीवर शिकलेले, आता पुण्यात मुलांना शिकवतात. जुलैत आपण कविता आणि सोनाटा एकत्र करणार, हे त्यांनी गृहीतच धरलं आहे. पियानोला त्यांची एक विद्यार्थिनी.

आधी पहिला भाग ऐकला. सुरुवातीला व्हायोलिन एकटंच. चार बार (तालाचे चार खण) नुसतं व्हायोलिन, ए मेजर ह्या उजळ पट्टीत, दोन-तीन तारांवर एकदम, आणि मग पियानोचं उत्तर मायनरच्या उदास छटेकडे झुकत येतं. सर म्हणाले, "एकट्याने जाऊन दार उघडायचं. मागे कोणी नाही. हात कापतो हो अजून."

मग त्या जागेवर आलो, जिच्यासाठी मी त्यांच्याकडे गेले होते.

प्रेस्टो, म्हणजे जलद भाग, सुरू झाल्यावर थोड्याच वेळात एके ठिकाणी सगळं थांबतं आणि पियानो एकटा एक झपाट्याची धाव घेतो. छापील प्रतीत व्हायोलिनला तिथे काम नाही. 24 मेच्या सकाळी, तोच भाग मैफलीत दुसऱ्यांदा घेताना, म्हणजे पुनरावृत्तीच्या वेळी, ब्रिजटावरने पियानोची ती धाव ऐकली आणि तिची नक्कल व्हायोलिनवर उत्स्फूर्तपणे वाजवली. त्याने स्वतः हे टिपून ठेवलं आहे. बीथोव्हेन जागेवरून उठला, त्याला मिठी मारली, म्हणाला, "नोख आइनमाल, माइन लीबर बुर्श!" अजून एकदा, गड्या! आणि पुन्हा ती धाव आली तेव्हा पेडल दाबून धरलं, व्हायोलिनचा स्वर त्या गुंजनावर तरंगावा म्हणून.

पाश्चात्त्य अभिजात संगीताची पुस्तकं हा प्रसंग नवलाईने सांगतात. मी लहानपणापासून सवाई गंधर्वला मांडी घालून बसलेली बाई. मला त्यात नवल काहीच वाटत नाही, आनंद वाटतो. गवयाने एक जागा घेतली, साथीदाराने ती उचलून परत दिली, गवई खूश होऊन म्हणाला, फिर से! ह्याला आपल्याकडे दाद म्हणतात आणि ती बैठकीत दर दहा मिनिटांनी पडते. दोघांपैकी एक बत्तीस वर्षांचा, दुसरा चोवीसचा. सात महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 1802 मध्ये, ह्याच बीथोव्हेनने व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाटला बसून आपल्या बहिरेपणाबद्दल भावांना उद्देशून ते पत्र लिहिलं होतं, ज्यात मरणाचा विचार आहे. आणि इथे तो उडी मारून उठतो, कारण त्याला ऐकू आलं.

मालिकेचा कणा हाच. अर्पणपत्रिका नव्हे, हा बार. सरांनी ती जागा वाजवून दाखवली, आधी छापील, मग ब्रिजटावरची कल्पून. रात्री ह्या ओळी:

> पुनरावृत्तीत
> पियानोची धाव येऊन थांबली
> आणि कागदावर त्याच्यासाठी काही नव्हतं.
> काही नव्हतं
> म्हणून त्याने वाजवलं.

29 फेब्रुवारी

चार वर्षांतून एकदा येणारी तिथी, म्हणून शेवटची कविता आजच लिहावी असं मनात होतं. लिहिली नाही. फक्त माहिती एकत्र केली.

पेकम, व्हिक्टरी कॉटेजेस. मृत्यूच्या नोंदीवर साक्षीला एक बाई आहे, तिने सहीच्या जागी फुली मारली आहे. दफन केन्सल ग्रीनला. मृत्युपत्राने सुमारे हजार पौंडांची मालमत्ता बायकोच्या बहिणीकडे गेली, त्यामुळे 'दारिद्र्यात खितपत मेला' हे जे बरेच जण लिहितात ते तितकंसं खरं नाही. गरीब वस्तीत राहत होता, हे खरं. हजार पौंड त्या काळी थोडे नव्हते.

आज पेकममध्ये राय लेनवर नायजेरियन दुकानांची रांग लागली आहे. याम नावाचे भलेमोठे कंद, सुकी मासळी, रंगीत कापडं. त्या भागाला गमतीने 'छोटं लागोस' म्हणतात. हे त्याला दाखवायची फार इच्छा होते, पण कवितेत मेलेल्याला फिरवून आणणं मला पटत नाही.

9 मार्च

फर्डिनांड रीसवर अभंग. रीस म्हणजे बीथोव्हेनचा शिष्य, तेव्हा अठरा वर्षांचा. त्याने आठवणींत लिहून ठेवलं आहे: मैफल सकाळी आठची, बीथोव्हेनने त्याला पहाटे साडेचारला उठवलं आणि सांगितलं, पहिल्या भागाचा व्हायोलिनचा कागद लगेच नकलून दे. नेहमीचा नकलनवीस आधीच कामात बुडालेला. पियानोचा भाग तर इकडे-तिकडे खुणा करून ठेवलेला. दुसऱ्या भागाची नक्कल झालीच नाही, ब्रिजटावरने तो थेट बीथोव्हेनच्या हस्ताक्षरावरून वाजवला. ते हस्ताक्षर ज्याने पाहिलं आहे त्याला ह्यातला पराक्रम कळेल. तिसरा भाग मात्र सुवाच्य तयार होता, कारण तो मुळात आदल्या वर्षीच्या दुसऱ्याच सोनाटासाठी, ऑपस 30 मधल्या पहिल्यासाठी, लिहून बाजूला ठेवलेला.

देवद्वार छंद घेतला. सहा-सहा-सहा-चार. घाईला तो शोभतो, शेवटचं चार अक्षरांचं पाऊल अडखळल्यासारखं पडतं.

> पहाटेचा दिवा । ओली शाई हाती ।
> स्वर उतरती । घाईघाई ॥
>
> आठाला मैफल । साडेचार झाले ।
> अर्धे न लिहिले । पियानोचे ॥

आणखी तीन कडवी आहेत. चौथ्यात मैफलीच्या जागेचं 'आउगार्टन' हे नाव छंदात बसवताना नाकी नऊ आले. शेवटी 'बाग' केलं. व्हिएन्नातली ती बागच होती.

21 मार्च

आज एक कवयित्री मैत्रीण म्हणाली, "ह्याच्यावर इंग्रजीत आधीच अख्खा संग्रह आहे, मग तू कशाला?"

आहे. अमेरिकेच्या रिटा डव्ह ह्यांचा, 2009 सालचा. ब्रिजटावर हे नाव कवितेच्या वाचकांपर्यंत पोचलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि हे मी कार्यक्रमातही सांगणार आहे. डव्ह वर्णाचा इतिहास अंगावर वागवत लिहितात. माझ्याकडे तो अधिकार नाही आणि त्याचं सोंगही आणायचं नाही. माझ्याकडे एक वेगळा कान आहे, दाद ऐकणारा. तेवढ्या भांडवलावर जेवढं होईल तेवढं.

ह्यातूनच दुसरा निर्णय: प्रथमपुरुष नाही. 'मी जॉर्ज' म्हणून एकही कविता सुरू होणार नाही. कडेचे लोक बोलतील: दवंडीवाला, नकलणारा रीस, राजवाड्यातली बाई, विद्यापीठाचा कारकून, पेकमची शेजारीण. राजवाड्यातली बाई म्हणजे शार्लट पॅपेन्डिक. राणीच्या परिवारातली, तिच्या आठवणींत विंडसरला आलेले हे बाप-लेक भेटतात. तिला मुलाचं कौतुक आहे आणि बापाचा संशय. तिच्या तोंडी थोडी चहाटळ भाषा चालेल.

6 एप्रिल

मूळ हस्तलिखितावरची ती ओळ. बीथोव्हेनने इटालियनमध्ये थट्टेने लिहिलेली: 'सोनाटा मुलॅटिका', मुलाटो ब्रिशडाउअरसाठी रचलेला, जो महावेडा आणि मुलाटो संगीतकार आहे. मुलाटो म्हणजे काळ्या-गोऱ्या आईबापांचं मूल. आज तो शब्द शिवी मानला जातो, तेव्हा सर्रास चाले.

एका ओळीत तीन वेळा वर्ण. नाव एकदाच, तेही चुकीचं.

हे दोन दोस्तांमधलं होतं, दारू पिऊन एकमेकांना वेडा म्हणण्यातलं, असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि मलाही ते तसंच वाटतं. त्याच सुमारास, 18 मे 1803 ला, बीथोव्हेनने बॅरन वेट्झलरला लिहिलेलं शिफारसपत्र आहे. त्यात थट्टा नाही: हा अत्यंत कुशल वादक आहे आणि आपल्या वाद्यावर त्याची पूर्ण हुकमत आहे, असं सरळ लिहिलं आहे. दोन्ही कागद एकाच माणसाच्या हातचे, काही दिवसांच्या अंतराने. मी कवितेत दोन्ही शेजारी ठेवणार, मध्ये स्वतःचा एकही शब्द न घालता. वाचकाला हसू आलं तर येऊ दे, आणि थट्टेत जात काढणारा एखादा मित्र आठवला तर तोही आठवू दे. आपल्याकडे अशा मित्रांची वाण नाही.

मैफलीबद्दलही दोन साक्षी. ब्रिजटावर लिहितो, मधला भाग इतका सुंदर झाला की श्रोत्यांनी एकमुखाने तो पुन्हा वाजवायला लावला, दोनदा. बीथोव्हेनचा दुसरा शिष्य कार्ल चेर्नी ह्याने मात्र पुढे सांगितलं, की ब्रिजटावरचं वाजवणं फार अतिरेकी होतं आणि लोक हसले. चेर्नी तेव्हा बारा वर्षांचा. कोण खरं? दोन्ही एकाच सकाळी घडू शकतं. आपल्या गवयांच्या हातवाऱ्यांना हसणारे लोकच सम आली की मान डोलावतात.

20 एप्रिल

अर्पणपत्रिकेची ती एकमेव कविता.

म्हातारपणी ब्रिजटावरने थर्लवॉल नावाच्या एका वादकाला सांगितलं होतं, की व्हिएन्ना सोडण्याआधी एका मुलीवरून दोघांचं बिनसलं. सगळीकडे हीच कथा सांगतात. चवदार आहे. पण ऑक्टोबर 1803 मध्ये रीस प्रकाशक झिमरॉकला कळवतो आहे, की बीथोव्हेनला हा सोनाटा पॅरिसच्या दोघांना, पियानोवादक आदाँ आणि व्हायोलिनवादक क्रॉइत्सर ह्यांना, अर्पण करायचा आहे, कारण तो पॅरिसला जाऊन राहण्याच्या विचारात आहे. पुढे आदाँ गळाला, क्रॉइत्सर राहिला. 1805 मध्ये बॉनहून प्रत छापून आली. पॅरिसला बीथोव्हेन कधी गेलाच नाही.

मुलगी असेलही. पण मला हे दुसरं कारण जास्त बोचतं. भांडणात निदान समोरचा माणूस महत्त्वाचा असतो. इथे फक्त सोय बघितली गेली. लंडनला परत जाणाऱ्या वादकाचा पॅरिसमध्ये उपयोग काय?

सर क्रॉइत्सरच्या बाजूने उभे राहिले. "त्याला का शिव्या घालता? त्याच्या बेचाळीस एट्यूडवर, सरावाच्या तुकड्यांवर, आम्ही सगळे मोठे झालो. जगातलं कुठलंही व्हायोलिनचं पोर बघा, त्याच्या पुस्तकावर घासतंय." खरं आहे. आणि त्याने काही मागितलं नव्हतं. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने लिहून ठेवलं आहे, की क्रॉइत्सरला हा सोनाटा अगम्य वाटला. त्याने तो जाहीरपणे कधी वाजवला नाही. म्हणजे ज्याला कळला त्याचं नाव गेलं, आणि ज्याला कळला नाही त्याचं चिकटलं.

मग सर बराच वेळ त्यांच्या गावच्या वादकांबद्दल बोलत बसले. मुंबईला जाऊन सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे, गाण्यांची वाद्यरचना करून देणारे गोव्याचे कितीतरी लोक. पडद्यावर नाव संगीतकाराचं. "पण बाई, त्यांचं घर चाललं. मुलं शिकली. ते रडत नव्हते बसले." ही ओळ मला जशीच्या तशी हवी होती. परवानगी मागितली, हो म्हणाले, नाव न घालण्याच्या अटीवर.

4 मे

मधला भाग म्हणजे एक चाल आणि तिची चार रूपं. तिसरं मायनरमध्ये. ह्याला जात्यावरची ओवी घेतली, कारण ओवीतही पहिली ओळ तीच राहते आणि दुसरी फिरते.

> एक स्वर दारी आला, त्याला घरात घेतलं
> नाव विचारलं नाही, पाणी हातावर दिलं

आणि मायनरमध्ये:

> एक स्वर दारी आला, त्याला घरात घेतलं
> नाव विचारलं होतं, ते पुसून टाकलं

पहिलं, दुसरं, चौथं रूप अजून ढिलं आहे. चौथं तर नुसती नक्षी झालं आहे, जरी मूळ संगीतातही तिथे नक्षीच आहे.

24 मे

तारीख साधून घरगुती वाचन ठेवलं. दहा-बारा माणसं, पियानोऐवजी कीबोर्ड. दवंडीला हशा, अभंगाला शांतता, ओवीला एका आजींनी पुढची ओळ आपणहून जोडून दिली (माझ्यापेक्षा बरी होती). पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे: "ती मुलगी कोण होती?"

दुसरा प्रश्न चांगला होता. एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "व्हिएन्नाहून परत आल्यावर त्याने काय केलं?" मालिकेत त्याचं उत्तर नव्हतं. सत्तावन्न वर्षांबद्दल जानेवारीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, आणि कविता सगळ्या 1803 भोवती गोळा झालेल्या.

8 जून

तर, काय केलं त्याने?

1807 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ म्युझिशियन्सचा सभासद झाला. ही संस्था गरजू वादकांना आणि त्यांच्या विधवा-मुलांना मदत करायची. 1811 मध्ये केंब्रिजची बॅचलर ऑफ म्युझिक पदवी घेतली. त्यासाठी पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंदासाठी एक रचना लिहावी लागली, ती ग्रेट सेंट मेरी चर्चमध्ये सादर झाली. 1812 मध्ये पियानोच्या सरावाचं एक पुस्तक छापलं, 'दियातोनिका आर्मोनिका'. 1813 मध्ये लंडनची फिल्हार्मोनिक सोसायटी सुरू झाली तेव्हा पहिल्याच हंगामात वाजवलं. 1816 मध्ये लग्न, एक मुलगी. मग वर्षानुवर्षं रोम, पॅरिस, पुन्हा लंडन.

ह्यात नाट्य काही नाही, आणि म्हणूनच हे लिहायला सगळ्यात जड जात आहे. बीथोव्हेनच्या मिठीतून सुटल्यावर आठ वर्षांनी हा तेहतिशीला टेकलेला माणूस परीक्षेचा कागद भरतो. कशाला? इंग्लंडात गुलामांचा व्यापार कायद्याने बंद होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, वसाहतींतली गुलामगिरी संपायला अजून वीस-बावीस वर्षं होती. अशा देशात नावापुढे विद्यापीठाचा शिक्का असणं म्हणजे काय, हे कळायला आपल्या लोकांना फार समजावून सांगावं लागणार नाही. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात पदवीचा अर्थ काय, हे घराघरात ठाऊक आहे.

कारकुनाच्या तोंडून लिहिली:

> नाव? लिहिलं.
> कॉलेज? ट्रिनिटी हॉल.
> रचना जोडली आहे का? जोडली आहे.
> पूर्वी कुणापुढे वाजवलं आहे?
> — ह्या रकान्याला जागा थोडी आहे, साहेब,
> एकच नाव लिहा.
> त्याने राजाचं लिहिलं.

राजापुढे तो 1789 मध्ये विंडसरला वाजवून आला होता, त्यामुळे उत्तर खोटं नाही. असा रकाना खरोखर होता असं मी म्हणत नाही. कवितेपुरता तो माझा.

22 जून

आज सगळा वेळ एका ट्यूनिंग फोर्कने, म्हणजे वाद्य जुळवायला एकच ठरलेला स्वर देणाऱ्या धातूच्या काट्याने, खाल्ला. बीथोव्हेनने तो ब्रिजटावरला दिला होता. हातोहात फिरत पुढे गुस्ताव्ह होल्स्ट, मग राल्फ वॉन विल्यम्स ह्या इंग्लिश संगीतकारांकडे आला, आणि आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याचा ए हा स्वर 455.4 हर्ट्झचा. आज आपण 440 धरतो. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सहा सोडून काळी पाचकडे अर्ध्याहून जास्त वाट चाललेला स्वर, कुठल्याच पट्टीत न बसणारा.

पियानोवालीने विचारलं, "सर, आपण त्या पिचला लावायचं का?" सर म्हणाले, "तार तुटली तर पैसे तू देणार?" विषय तिथेच मिटला. फोर्क कवितेत ठेवला आहे. भांडण झालं असेल-नसेल, तो माणूस ही भेट टाकून देत नाही, हे महत्त्वाचं.

13 जुलै

क्रम ठरला. दवंडी, पुरावा, शार्लट बाई, मग सोनाटाचा पहिला भाग, रीसचा अभंग, त्या बारची कविता, दोन कागद, ओव्या दुसऱ्या भागाच्या आधी, अर्पण, कारकून, फोर्क, पेकम. तिसरा भाग शेवटी, पूर्ण. सहा-आठच्या त्या पळत्या लयीला आमचा तबलजी मित्र पहिल्याच ऐकण्यात "दादराच की हा, पळवलेला" म्हणाला. रोमची कविता काढली. रोमबद्दल माझ्याकडे देखावाच होता, माणूस नव्हता.

पेकमची कविता फुली मारणाऱ्या बाईच्या तोंडी आहे. तिला संगीतातलं काही कळत नाही. ती फक्त सांगते, की म्हातारा भाडं वेळेवर द्यायचा आणि बोटं सारखी टेबलावर चालायची.

पत्रिकेवर सोनाटाचं नाव काय छापायचं, ह्यावर छापखान्याच्या आधी एक फेरी झाली. सरांचं म्हणणं, 'क्रॉइत्सर' न छापलं तर लोकांना कळणार नाही कुठला सोनाटा ते. मी म्हटलं, 'ऑपस 47, ए मेजर' छापा आणि खाली 'पहिलं वादन: बीथोव्हेन आणि ब्रिजटावर, व्हिएन्ना, 1803'. मान्य.

राहिली ती धाव. सर पुनरावृत्ती घेणार, आणि पुनरावृत्तीत तिथे स्वतःचं काहीतरी वाजवणार. तालमीत प्रत्येक वेळी वेगळं वाजवतात. काय वाजवणार ते पियानोवालीला सांगत नाहीत. तिने पेडल दाबून ठेवायचं, एवढीच सूचना आहे. काल तिने विचारलं, "आणि मला आवडलं तर?"

"तर ओरड," सर म्हणाले.